डांबऱ्याचा भांग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक पायऱ्यांवर बसले आणि पायऱ्या संपल्या तेव्हा खिडक्यांत. मंचावर स्टीलचं टेबल, टेबलावर काळंभोर, कुरळ्या केसांचं कुत्रं आणि कुत्र्यामागे ओढबाबा. अंगात पांढरा सदरा, छातीला माइक आणि चेहऱ्यावर असा थकवा, जणू जमलेल्या सगळ्या लोकांचं सामान यांनीच जिन्यावरून वाहून आणलंय.

"मी कोण?" बाबांनी विचारलं.

"निमित्त!" सभागृह ओरडलं.

"ओढतो कोण?"

"मुका जीव!"

"आणि ओढताना त्याचं काय खर्ची पडतं?"

"रंग!"

ओढबाबांचं सगळं शास्त्र एवढ्यात संपत होतं. ज्या घरात दुखणं असेल तिथे ते एक काळं पिल्लू द्यायचे. पिल्लू दुखणं ओढून घ्यायचं आणि त्यापायी त्याचा रंग उडत जायचा. रंग पुरता उडाला की कुत्रं 'भरलं'. मग ते परत करायचं आणि नवं काळं पिल्लू न्यायचं. पिल्लू फुकट होतं. देणगी मनाला येईल ती, आणि मनाला किती यावी हे दारावरचा स्वयंसेवक सांगायचा. घरच्यांनी नियम फक्त दोन पाळायचे. कुत्र्याच्या अंगाला कंगवा लावायचा नाही, कारण कंगव्याने ओढ तुटते. आणि केस उतरवायचे ते सभेतच.

केस उतरवायचं मशीन हातात धरून मंचावर उभी होती ती पार्लरवाली ताई. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं बायकांचं पार्लर होतं. तिचा हात केसांत बसलेला, म्हणून बाबांनी तिला ही सेवा दिली होती, आणि ती तिला भाग्य समजत होती.

"या ताई बघा," बाबा म्हणाले. "शहरातली निम्मी डोकी यांच्या हाताखालून जातात. कुणी रंगवलंय आणि कुणी नाही, हे यांच्यापासून लपत नाही. ताई, सांगा लोकांना. या जिवाला रंग फासलाय का?"

ताईने ओला कापूस कुत्र्याच्या पाठीवर घासला. वास घेतला. खोटं बोलायचा तिला मनापासून तिटकारा होता, आणि इथे खोटं बोलायची वेळच आली नाही.

"नाही," ती माइकवर म्हणाली. "रंग लावलेला नाही. हा अस्सल काळा आहे."

मग तिने मशीन चालू केलं. काळी लोकर घडीच्या घडी सुटत गेली आणि खालून राखाडी, चंदेरी अंग उघडं पडलं. काळं कुत्रं टेबलावर चढलं होतं, करडं कुत्रं उतरलं. सुटलेली लोकर स्वयंसेवकांनी लगेच फडक्यात गुंडाळून झाकणाच्या बादलीत टाकली. "दुखण्याकडे टक लावून बघू नये," बाबांनी बजावलं, आणि लोकांनी आज्ञाधारकपणे माना फिरवल्या.

ते कुत्रं होतं पोस्टातून निवृत्त झालेल्या एका आजोबांचं. त्यांना रक्तदाब होता. आजोबा काठी न टेकता मंचावर आले, खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्याच बादलीत टाकून दिलं. टाळ्यांनी छत हाललं. ताईनेही वाजवल्या.

खाली उतरताना आजोबांच्या सुनेने तिचा हात धरला. "ताई, खरंच रंग नाही ना हो? नाही, मामंजी गोळ्या बंद करायचं म्हणतायत म्हणून विचारते."

"अहो, मी स्वतः तपासलंय," ताई म्हणाली. "निर्धास्त राहा."

ताईचाही बाबांकडे जीव अडकला होता, म्हणून तर ती तिथे होती. तिच्या छकुलीला झटके यायचे. मुलगी खेळता खेळता ताठ व्हायची, डोळे फिरवायची आणि धाडकन पडायची. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, झटके थांबले, पण पोर दिवसभर पेंगायला लागली. "बराच काळ एकही झटका आला नाही तर मीच गोळ्या हळूहळू कमी करीन," डॉक्टर म्हणाले होते. "तोवर एकही चुकवायची नाही." आईला मात्र वर्गात बाकावर डोकं टेकून झोपणारी मुलगी बघवत नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडीला चार पाय आणि शेपूट होती.

पिल्लू डांबरासारखं काळं, म्हणून छकुलीने त्याचं नाव ठेवलं डांबऱ्या. घरी आल्यापासून छकुलीला झटका आला नाही. तो आधीही येत नव्हता, गोळ्यांमुळे, पण एवढा हिशेब कोण करतो? मग डांबऱ्याचं तोंड करडं व्हायला लागलं. "ओढतो तोंडाने, म्हणून रंग आधी तोंडाचा जातो," बाबा म्हणाले. "आता गोळ्या अर्ध्यावर आणा. मुक्या जिवाला दुखणं ओढायला मोकळीक द्या."

ताईने गोळ्या अर्ध्यावर आणल्या. छकुलीची पेंग कमी झाली, ती डांबऱ्यामागे अंगणभर धावायला लागली. आणखी पुरावा काय पाहिजे? तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा. तो एकदा म्हणाला, "डॉक्टरांना विचारायला हवं होतं गं." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि त्यानेही विषय वाढवला नाही. पुढच्या सभेत डांबऱ्याचे केस उतरायचे होते, आणि त्या दिवसापासून गोळ्या पूर्ण बंद.

सभा आठवड्यावर आली असताना ताई पार्लरमध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाचे केस रंगवत होती. बाई आरशात बघून कुरकुरत होत्या. "काय हो ताई, आत्ताच तर रंगवले होते. वरून सगळं काळं दिसतं आणि भांग पाडला की मुळं पांढरी."

"मुळं लबाड असतात," ताई हसून म्हणाली. "ती आतून येतात. वरचा रंग काय, जातो कापला की."

हे बोलली आणि पुढची बट उचलली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर चित्र काढत बसलेली छकुली ताठ झाली.

स्टूल कलंडलं. पोरीचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. "तोंडात चमचा घाला, चमचा!" गिऱ्हाईक बाई ओरडत होत्या. ताईने डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला. हातमोज्यांना रंग लागला होता, तो छकुलीच्या गालावर उमटला. लेकीचं अंग थडथडत होतं आणि आई तिच्याजवळ गुडघे टेकून बसली होती. थांबण्याखेरीज तिच्या हातात काही नव्हतं. ते थांबणं तिला फार जड गेलं.

झटका ओसरल्यावर तिने पहिला फोन केला तो बाबांना. डॉक्टरांना नाही. मनुष्य किती खोल बुडालेला असतो ते अशा वेळी कळतं.

"उत्तम!" बाबा म्हणाले. "खूप उत्तम झालं. शेवटचा झटका बाहेर पडतोय. दिवा विझताना मोठा होतो ना, तसं. आता घाबरून गोळ्या वाढवाल तर केलेलं सगळं पाण्यात. सभेपर्यंत कळ काढा."

तिने हे नवऱ्याला सांगितलं. त्याने छकुलीच्या कपाळावरची पट्टी सारखी केली.

"झटका आला नाही तर कुत्र्यामुळे," तो म्हणाला. "आला तरी कुत्र्यामुळेच. मग कुत्रं काहीच करत नाही, हे आपल्याला कळणार तरी कसं?"

"तुम्हाला कशावर विश्वासच ठेवायचा नाही."

"अगं, मी दुकानात माणसाच्या डोळ्यापुढे भिंग धरतो आणि विचारतो, हे बरं दिसतं की ते? दुसरं भिंग लावून बघितल्याशिवाय पहिल्याचं काही सांगता येत नाही. बाबांनी आपल्याला एकच भिंग दाखवलंय."

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी! माझ्या हातांनी केस उतरवलेत!"

"तुझ्या हातांनी उतरवलेत, म्हणून तर मी इतके दिवस गप्प बसलो," तो म्हणाला, आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी छकुली डांबऱ्याला घेऊन आईसमोर उभी राहिली. "आई, याचा कान दुखतो. हात लावला की रडतो." कंगवा न लावल्याने कुरळ्या केसांच्या गाठी झाल्या होत्या, आणि कानामागची गाठ इतकी घट्ट, की खालची कातडी ओली झाली होती. जिने जन्मभर कंगव्यावर पोट भरलं, तिच्या घरातल्या जनावराची ही दशा. तिला लाज वाटली. पण मग नियम? "त्याला माझं दुखणं लागलंय का गं?" छकुलीने विचारलं. "मग असं नको. माझं मला परत देऊन टाकू दे त्याला." ते ऐकून ताईने पट्टा उचलला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या. त्यांनी कात्रीने गाठ सोडवली, मलम लावलं आणि मग डांबऱ्याच्या पाठीवर दोन्ही अंगठ्यांनी केस दुभंगले.

"छान उजळतोय की," त्या म्हणाल्या.

ताईने वाकून पाहिलं. वरून डांबर. अंगठ्यांच्या मधोमध, कातडीलगत, स्वच्छ राखाडी. बोटभर उंचीपर्यंत राखाडी आणि पुढे टोकापर्यंत काळं.

"ही... ही तर मुळं आहेत," ती पुटपुटली.

"मग काय असणार?" डॉक्टरीणबाईंनी कापलेली बट पांढऱ्या कागदावर ठेवली. एकच केस होता, आणि त्यात दोन रंग. "ही पूडल नावाच्या कुरळ्या केसांच्या जातीच्या संकराची कुत्री. डूडल म्हणतात. यातली पुष्कळ पिल्लं जन्मताना काळी असतात आणि वयात येताना राखाडी होतात. तपकिरी असतील तर दुधाळ होतात. नवा केस मुळाशी फिका उगवतो, जुनी काळी टोकं वर तशीच राहतात. तोंडावरचे केस आखूड, म्हणून तिथे आधी दिसतं. एकदा केस उतरवले की काळी टोकं गेली. लोकांना वाटतं कुत्रं एका रात्रीत बदललं. मोठं झालं की रंग ठरून जातो, मग फारसा बदलत नाही."

"म्हणून परत घेतात," ताई म्हणाली. "भरलं म्हणून."

"कोण घेतं परत?"

मग ताईने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरत गेला. "या पिल्लांना पहिली लस मीच टोचते. याची आईसुद्धा राखाडी आहे आणि लहानपणी कोळशासारखी होती. ते बाबा आजारी माणसांना सोबत म्हणून पिल्लं देतात, एवढंच मला माहीत. औषधं बंद करायला लावतात?" त्यांनी टेबलाची कड धरली. "याच्याच वेतातला एक भाऊ व्यायामशाळेच्या मास्तरांनी विकत घेतलाय. एकटा माणूस, त्याला शेवटची सर्दी कधी झाली ते आठवत नाही. ते कुत्रंही असंच राखाडी झालंय. ते कुणाचं दुखणं ओढतंय?"

हेच ते दुसरं भिंग. ताई खुर्चीत बसली. आजवर तिने कुत्र्यांत फक्त लावलेला रंग शोधला होता, कारण तिच्या धंद्यात रंग बदलतो तो बाटलीने. प्रश्न खरा विचारला होता, उत्तरही खरं दिलं होतं, आणि तरी शंभर माणसांना फसवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवाही तीच होती.

तिथून ती सरळ छकुलीच्या डॉक्टरांकडे गेली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गोळ्या पूर्ववत लिहून दिल्या आणि म्हणाले, "झटक्याविना गेलेला काळ आता पुन्हा पहिल्यापासून धरायचा. थोड्याच दिवसांत मी कमी करायला घेणार होतो." ती बाहेर येऊन जिन्यात रडली.

सभेच्या दिवशी ती मंचावर गेली तेव्हा खिशात भांग पाडायचा शेपटीचा कंगवा होता. टेबलावर डांबऱ्या, कानामागे मलमाचा पांढरा डाग.

"ताई, सांगा लोकांना," बाबांनी सुरू केलं. "रंग फासलाय का?"

"नाही," ताई म्हणाली. "आजही नाही, आणि कधीच नव्हता. पण मशीन लावायच्या आधी आज मी भांग पाडणार आहे."

तिने कंगवा काढला. बाबांचा थकवा एकदम पळाला. "कंगवा नको! ओढ तुटेल!"

"तुटू दे की. बघू काय होतं ते."

तिने डांबऱ्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत सरळ रेघ ओढली आणि केस दोन्हीकडे दाबून धरले. काळ्या लोकरीत राखाडी वाट पडली. पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले.

"या, जवळ येऊन बघा. दुखण्याकडे बघायचं नाही म्हणाले होते ना, आज बघा. अजून एकही केस उतरवलेला नाही, आणि आत कुत्रं आधीच राखाडी आहे. चमत्कार व्हायच्या आधीच झालाय! हे वय आहे. मोठं होतंय पोर. आमच्याकडे बायका दर महिन्याला याच मुळांसाठी येतात. त्या कुणाचं दुखणं ओढतात?"

कोणीतरी हसलं. बाबांनी हात वर केला. "संशयी हाताने भांग पाडला, म्हणून तसं दिसलं!"

"मग हा बघा बिनसंशयाचा," मागून दणदणीत आवाज आला. ताईने बोलावलेले व्यायामशाळेचे मास्तर राखाडी कुत्र्याला घेऊन वाट काढत येत होते. "याचा सख्खा भाऊ. हाही काळा होता. आमच्या घरात दुखणं म्हणून नाही. बाबा, याने काय ओढलं ते सांगा. माझ्या दंडबैठका?"

सभागृहात हशा झाला, मग गोंगाट. स्वयंसेवक बादली उचलायला धावले, पण कुणीतरी झाकण उघडलं आणि मागच्या सभेतली लोकर हातोहात फिरली. प्रत्येक बटेचं टोक काळं होतं आणि मूळ करडं. बाबा माइक काढून मागच्या दाराने निघाले. जाताना "निमित्त" असं काहीतरी पुटपुटत होते म्हणे.

पण सगळ्यांनाच काही पटलं नाही. "माझी पाठ मात्र खरंच दुखायची थांबली," एक बाई कुत्र्याला कवटाळून म्हणत होती. "आणि ताई, तुम्हीच तर सांगत होतात!" असं ओरडणारेही होते. ताईने माइक उचलला. "हो. मीच सांगत होते. विचारायचं होतं एक आणि मी शोधत होते दुसरं. ज्यांनी औषधं बंद केली असतील त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना गाठा. मनाने बंद करू नका, मनाने सुरूही करू नका. आणि कुणी काही दाखवलं तर एकदा विचारा, हे नसतं तरी असंच झालं असतं का?"

गर्दी पांगली तेव्हा दाराशी आजोबांची सून उभी होती. आज ती एकटीच आली होती.

"मामंजींचं अर्धं अंग गेलं," ती म्हणाली. "दवाखान्यातून घरी आणलंय. बोलणं अजून नीट येत नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं ना हो?"

"विचारलं होतंत," ताई म्हणाली.

आता दर रविवारी ताई आजोबांच्या घरी त्यांचे केस कापायला जाते. खिडकीजवळ खुर्ची, मानेभोवती टॉवेल, पायाशी करडं कुत्रं. ते परत न्यायला कुणी आलं नाही. परवा आजोबांनी चांगल्या हाताने कुत्र्याच्या पाठीवरचे केस बाजूला केले आणि मुळांकडे बघत बसले.

"हे... पांढरं होतंय... अजून?" त्यांनी वाकड्या ओठांनी विचारलं.

"होतंय आजोबा. वयाने होतंय."

"मग... माझं... कोण ओढणार?"

ताईने कात्री खाली ठेवली. तिने सुनेकडून पाणी मागून घेतलं, खिडकीतल्या पाकिटातली गोळी काढून आजोबांच्या हातावर ठेवली आणि ती घशाखाली उतरेपर्यंत पेला धरून उभी राहिली.